दहावा फॉर्म

दर उन्हाळ्यात मी या ब्लॉगवर एखाद्या डोंगराचं किंवा देवळाचं वर्णन लिहितो आणि तुम्ही खाली ‘पार्किंग आहे का?’ असं विचारता. यंदाचा प्रवास पुण्यातून पुण्यातच झाला. दोन दिवस, तीन घरं. पार्किंग कुठेही नाही.

निमित्त सुनंदा वानखडे. संस्कृतच्या एमएला आम्ही एका बाकावर होतो. ती अकोल्याची, वर्गात पहिली. मी सदाशिव पेठेतला, वर्गात स्थानिक. पुढे मी वर्तमानपत्रात गेलो आणि ती आमच्याच पेठेतल्या महापालिकेच्या शाळेत पहिलीला शिकवू लागली. त्याला पंचवीस वर्षं झाली. मे महिन्यात अशा शाळांच्या बाई घरोघरी फिरून मुलं गोळा करतात, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसतं. आपल्या दारावरून त्या बहुधा पुढे जातात.

“दहा हवीत, नऊ झालीत,” सुनंदा फोनवर म्हणाली. “दहावं मिळालं नाही तर पहिलीचा वर्ग दुसऱ्या शाळेत जोडणार आणि मला पाठवणार शहराच्या टोकाला. पंडित, तू चल बरोबर. तुला बघून लोकांना वाटतं, कोणीतरी तपासायला आलंय.”

तिच्याकडे तीन नावं होती. तिघं गेल्या वर्षी तिच्या शाळेच्या बालवाडीत होते, पहिलीसाठी मात्र कोणी नाव घातलं नव्हतं. तिघांचे प्रवेशाचे फॉर्म तिने आपल्या सुरेख अक्षरात आधीच भरले होते. फक्त पालकांची सही बाकी. “नाव लिहिलेलं दिसलं की माणूस नाही म्हणायला कचरतो,” हे तिचं पंचवीस वर्षांचं शास्त्र.

“अहो, खराडीला टोपी घालून जा,” आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. “तिकडची झाडं इंग्रजी माध्यमाची आहेत. सावली देत नाहीत.”

पहिला दिवस, खराडी. डेक्कनहून मेट्रोने रामवाडी, तिथून रिक्षा. मेट्रो स्वस्त, थंड आणि वेळेवर. रिक्षा यांपैकी काहीच नाही. सुनंदाच्या मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत फॉर्म आणि पाण्याची बाटली. काचेच्या इमारती सुरू झाल्या तशी ती म्हणाली, “हे सगळे बांधणारे आणि आत बसणारे, दोघंही आमच्याच शाळांतून येतात. मग पुन्हा वळून बघत नाहीत.”

राऊतांचं घर अकराव्या मजल्यावर. दोन वर्षांपूर्वी हे कुटुंब यवतमाळहून आलं तेव्हा पेठेत भाड्याने राहत होतं. आता राऊत एका सॉफ्टवेअर कंपनीत बऱ्यापैकी वर चढले आहेत. खराडीला जाताना त्यांनी शब्द दिला होता, की मुलाला पेठेतल्या त्याच्या आईच्या माहेरी, आजीकडे ठेवून तिथेच शिकवू. आता तो परिसरातल्याच मोठ्या इंग्रजी शाळेत जाणार होता. पोहे आले, कलिंगड आलं. राऊत फॉर्मकडे बघतच नव्हते.

“मॅडम, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो,” शेवटी ते म्हणाले. “सरांनी गणित असं पक्कं केलं की आजही ऑफिसात कोणाला हार जात नाही. पण मीटिंगमध्ये उत्तर मला येत असतं आणि शेजारचा बोलून मोकळा होतो. मी मनात वाक्य जुळवत बसतो. माझ्या पोराने असं बसू नये, एवढंच.”

सुनंदा वादात पडली नाही. “पोहे छान झालेत हो,” म्हणाली आणि फॉर्म घडी करून पिशवीत ठेवला.

परतीच्या मेट्रोत तिने विचारलं, “तुझ्या मुलीचा फॉर्मही भरून आणला होता मी. आठवतंय?”

आठवत होतं. वीस वर्षं झाली असतील.

“तू काय म्हणाला होतास?”

“त्या शाळेचं मैदान मोठं आहे, असं काहीतरी.”

“मैदान आमचंच मोठं होतं,” ती म्हणाली. पुढची तीन स्टेशनं मी खिडकीबाहेर बघण्यासारखं काहीतरी शोधत होतो.

दुसरा दिवस, धायरी. स्वारगेटहून बस. सिंहगड रस्त्यावर घाईचं काम असेल तर चालत जावं. दीड तासाने उतरलो, उसाचा रस घेतला आणि पत्ता विचारत निघालो. नातवाला आजोबांनी स्कूटरवरून पेठेत आणून सोडायचं, असं वर्षापूर्वी ठरलं होतं. लक्ष्मी रस्त्यावर त्यांचं दुकान आहे. आजोबा अंगणातच भेटले.

“बाई, शाळा घरातच हाय आता,” ते म्हणाले. “सून शिकवती. म्हणती, भिंत मोजली तरी गणित होतं. आमच्या समद्या भिंती मोजून झाल्या, उत्तर काय आलं म्या इचारलं न्हाई.”

सून, नीलिमा, नोकरी सोडून घरी बसलेली. भिंतीवर खरोखरच खडूच्या रेघा होत्या. “आबा, पुरे,” ती हसून म्हणाली आणि आमच्याकडे वळली. “बाई, तुमच्यावर माझा राग नाही. पण गेल्या वर्षी मी जेव्हा जेव्हा पहिलीचा वर्ग बघायला आले, तेव्हा वर्गात मुलं होती आणि बाई नव्हत्या. एकदा मतदार याद्या, एकदा कसलं तरी सर्वेक्षण. मुलं आपली पाटीवर रेघा मारत होती. मग रेघा घरीच मारू दे, असं वाटलं.”

“त्या बाई म्हणजे मीच,” सुनंदा म्हणाली.

नीलिमा ओशाळली. सुनंदाने तिच्याकडून खडू घेतला, मुलाच्या सातच्या आकड्याची मान जरा सरळ केली आणि आम्ही निघालो.

तिसरं घर सदाशिव पेठेतच होतं. शाळेपासून सात मिनिटं, माझ्या घरापासून चार. शहर पालथं घालून आम्ही आपल्याच गल्लीत आलो. एका इमारतीच्या तळमजल्यावरची खोली. दार रेश्माने उघडलं. ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर असते, आणि लहानपणी सुनंदाच्याच पहिलीत होती.

“बाई! तुम्ही कशाला आलात? मला बोलवायचं ना!”

सुनंदा कशासाठी आलोय ते सांगतेय तोवर रेश्माने पेन शोधून सहीसुद्धा केली होती.

“अगं, वाचलंस तरी का?”

“वाचायला तुम्हीच शिकवलंत. तुमच्याच कागदावर काय वाचायचं?”

दहा झाले. मी मनातल्या मनात पाव किलो जिलबी सांगून टाकली.

तेवढ्यात आतून तिची मुलगी आली. “नाव काय गं तुझं?” सुनंदाने विचारलं. फॉर्मवर तिनेच लिहिलं होतं, जुई. पोरगी जमिनीकडे बघत राहिली. मग तिने सुनंदाची करंगळी धरली आणि तिला खिडकीशी नेलं. तिथे एका कपात मटकी उगवली होती. सुनंदा वाकली. पोरगी तिच्या कानात काहीतरी पुटपुटली.

रेश्माच्या डोळ्यांत पाणी आलं. “बाहेरच्या माणसाशी ती बोलत नाही, बाई. घरात नुसती बडबड, उंबऱ्याबाहेर शब्द नाही. बालवाडीत हजेरीला ‘हजर’ म्हणायची नाही, म्हणून रोज गैरहजर. मी स्वतः सोडून यायचे आणि महिनाअखेरी मलाच विचारायचे, मुलीला पाठवत का नाही? मग पुढे उभी करायचे, बोलेपर्यंत. रात्री अंथरूण ओलं करायला लागली. म्हणून काढली.”

आता जुई दोन निवृत्त बाईंनी एका हॉलमध्ये चालवलेल्या छोट्या वर्गात जाते. आठ मुलं. घंटा नाही, हजेरी नाही, परीक्षा नाही. “सासूबाई म्हणतात, ही कसली शाळा? पण तिथे तिला कोणी बोल म्हणत नाही. दिवाळीनंतर आपणहून कुजबुजायला लागली.”

“मग सही का केलीस?”

“तुम्ही मागितलीत म्हणून.”

 सुनंदाने फॉर्म रेश्माच्या हातात ठेवला. “हा राहू दे तुझ्याकडे. कधी तिलाच यावंसं वाटलं, तर घेऊन ये. तिला विचारून.”

“पण बाई, तुमचे दहा?”

“होतील गं.”

रस्त्यावर आल्यावर ती इमारतीच्याच पायरीवर बसली. “बालवाडी माझ्या भिंतीपलीकडे भरते,” ती म्हणाली. “रोज ऐकू यायचं. जुई, जुई, गैरहजर. मला वाटायचं, पोर आजारी असते वाटतं. महिनोन्महिने ऐकलं. एकदाही उठून पाहिलं नाही.”

“अजून आठवडा आहे. मिळेल एखादं,” मी म्हणालो.

“पंडित, तुला खोटं नीट बोलता येत नाही. तेव्हाही येत नव्हतं.”

जिलबी आणली नाही. घरी आलो तर टोपी बसमध्ये राहिल्याचं लक्षात आलं. बायकोने चेहरा बघितला आणि टोपीबद्दल चकार शब्द काढला नाही. तीस वर्षांत असं प्रथमच झालं.

ज्यांना हा प्रवास करायचा असेल त्यांनी सकाळी लवकर निघावं, पाणी बरोबर ठेवावं. दोघांचा सगळा खर्च पाचशेच्या आत बसतो. खराडीत सुनंदाला उत्तर सापडलं नाही, धायरीत ते तिचंच निघालं, आणि आमच्या गल्लीत होतं ते तिने परत केलं. कोणाचंही चुकलं, असं मला म्हणता येत नाही. या ब्लॉगवर असं पूर्वी कधी झालेलं नाही.

दहावं मूल मिळालं नाही. जूनमध्ये वर्ग दुसऱ्या शाळेत गेला आणि सुनंदा शहराच्या पार टोकाला, दोन बस बदलून. पहिल्या आठवड्याच्या शेवटी तिचा फोन आला. वर्गात छत्तीस मुलं आहेत म्हणाली.

“हजेरीला घसा बसत असेल,” मी म्हणालो.

“नावं पुकारत नाही आता. प्रत्येकाजवळ जाते, चेहरा बघते आणि लिहिते. पहिला तास त्यातच जातो.”

 मी विचारलं, “मैदान कसं आहे?”

“मोठं आहे,” ती म्हणाली. “तुला चाललं असतं.”