आमच्या पाळकसाहेबांचा उजवा हात

पाळकाच्या घरी लोक काय काय विसरून जातात म्हणून सांगू! छत्र्या, चष्मे, डबे. एकदा तर खिडकीत कुणाची तरी कवळी राहिली होती! या वस्तू न्यायला लोक परत येतात तरी. किस्से मात्र जे ठेवून जातात ते कायमचे. मी कुणाला खोदून विचारत नाही हो. चहाचं आधण ठेवेपर्यंत समोरचं माणूस आपणहून बोलायला लागलेलं असतं. त्यात माझा काय दोष?

मी मूळची नगरकडची. लग्न करून इकडं बुलढाणा जिल्ह्यात मोताळ्याला आले. आमचे हे इथलेच, शेतकऱ्याचा मुलगा, पुढे पाळक झाले. चर्चची मंडळी आमची लहान. चर्चवर पत्रे, आणि माइक धड चालत असेल तेव्हा नेमकी लाइट नसते. तरी यांना ओळखत नाही असं माणूस तालुक्यात सापडायचं नाही. ते काही यांच्या प्रवचनामुळे नाही. प्रवचनात निम्मी मंडळी डुलक्या घेते, मी समोरच बसते, मला सगळं दिसतं. लोक ओळखतात ते यांच्या उजव्या हातामुळे. कुणी आजारी असलं, घाबरलेलं असलं, की हे त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. आता हे सगळेच पाळक करतात. पण या हाताचं काहीतरी निराळंच होतं. निराळं म्हणजे काय, ते मला विचारू नका. जे झालं ते सांगते.

*

दिसायला हातात काही विशेष नाही. लहानपणी वखर धरून धरून रुंद झालेला, खरबरीत, आणि वजनदार! पातेल्यावर झाकण ठेवावं तसा हे हात ठेवतात.

जळगाव जामोदला आमच्यातल्याच एका मुलीचं लग्न होतं. नवरी पार्लरमध्ये जाऊन आलेली. डोक्यावर हा एवढा अंबाडा, त्यात मोती, फुलं, पिना. आशीर्वादाची वेळ आली. यांनी डोळे मिटले आणि पूर्ण विश्वासानं हात ठेवला. अंबाडा बसला खाली! यांना पत्ता नाही, प्रार्थना चालूच. नवरी रडायला लागली. लोकांना वाटलं, पवित्र आत्म्यानं स्पर्श केला!

आमेन झाल्यावर नवरीची आई पुढे आली. "पाळकसाहेब, आशीर्वाद भारीच हाय तुमचा, पन पोरगी सकाळपासून त्या खुर्चीवर बसून होती वो!"

तेव्हापासून लग्नाला गेलं की मी यांच्या कानात सांगते, "अहो, वरच्या वर."

*

यांचा एक नियम होता. हात ठेवण्याआधी विचारायचे, "दवाखान्यात गेला होता? गोळी घेतली?"

आठवडी बाजारात भाजी विकणारी गिरजामाय. तिला बीपीचा त्रास. घरी तुळस, गळ्यात माळ, पण बाजार उठला की टोपली दारात ठेवून आत यायची. "साहेब, हात ठेवजा जरा."

"गोळी घेतली?"

"इसरली."

"मंग माहा हात खिशातच राह्यते."

गिरजामायनं हातासाठी कितीतरी विनवण्या केल्या, पण हे ऐकतात कसले! पुढच्या बाजारी ती गोळ्यांचं रिकामं पाकीट पदराच्या गाठीत बांधून घेऊन आली. तिचं पाहून बाकीच्या बायका आणायला लागल्या. बाजाराच्या दिवशी आमच्या ओसरीवर नुसती पाकिटंच पाकिटं!

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर एकदा यांना रस्त्यात भेटले. म्हणाले, "पाळकसाहेब, मी घसा कोरडा करतो तर ही माणसं ऐकत नाहीत. आता मी सरळ सांगतो, गोळ्या घ्या, नाहीतर साहेब हात ठेवणार नाहीत!"

*

म्हशीचाही किस्सा आहे. हसू नका.

एक शेतकरी सकाळीच दारात. म्हैस व्यायली, पण उठेना, पाणी पिईना. जनावरांचे डॉक्टर इंजेक्शन देऊन गेले होते. आता साहेबांचा हात पाहिजे. मी म्हटलं, "अहो, म्हशीसाठी प्रार्थना?" हे चपला घालत म्हणाले, "तिले काय देवानं नाई केलं?"

मीही गेले बघायला. हे शेणात गुडघे टेकून बसले, म्हशीच्या कपाळावर हात ठेवला, आणि जी प्रार्थना केली ना, तशी माझ्यासाठी कधी केलेली मला आठवत नाही! आमेन म्हटलं. म्हशीनं कान हलवला, एक मोठा उसासा टाकला आणि उभी राहिली. बादलीभर पाणी प्यायली.

इंजेक्शननं उठली असेल. असेलच. पण अंगणातले सगळे यांच्या हाताकडं बघायला लागले. शेवटी तो शेतकरीच हात जोडून म्हणाला, "साहेब, हिले आता रविवारी चर्चमधी आनाव लागते का?"

*

हे प्रवचनात नेहमी एक गोष्ट सांगतात. येशूला लांबून नुसतं बोलूनही बरं करता येत होतं. मग ज्याला कुणी शिवत नव्हतं त्या कुष्ठरोग्याला त्यानं आधी हात कशाला लावला? हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की कानावरून जायचं. ते मला कळलं मेहकरला.

तिथं एका घरी प्रार्थनेला गेलो होतो. त्या घरातली थोरली सून आतल्या दारात बसून होती. तिला कोड. साधं कोड, कुणाला लागत नाही, पण तिचा कप वेगळा, ताट वेगळं, अंथरूण वेगळं. प्रार्थना संपली आणि हे उठून तिच्याकडं गेले. घरातले बघतच राहिले. यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, प्रार्थना केली आणि हात उचलायला लागले.

तिनं मनगट धरलं. "साहेब, राहू द्या थोडं. माहेरची माय गेल्यापासून डोक्शावर कोनी हात नाई ठेवला माह्या."

हे तसेच उभे राहिले. प्रार्थना संपलेली, बोलायला काही नाही, नुसता हात. ती डोळे मिटून बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे मी पाहिलं ते मी कुठल्याच सणाला कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.  मी त्या दिवशी पहिल्यांदा यांच्या हाताला भ्यायले, खरं सांगते.

कोड गेलं का? नाही गेलं. अजून आहे. पण पुढच्या महिन्यात ती बाई एकटी एसटीत बसून मोताळ्याला आली, माझ्या स्वयंपाकघरात पाट घेऊन बसली आणि म्हणाली, "भूक लागली वो पाळकबाई!" आम्ही पितो त्याच कपात तिनं चहा घेतला, वर माझ्या चहाला नावं ठेवून गेली!

*

आता जे सांगते ते सांगायला मला जड जातं.

यंदा पावसाळा सरता सरता एका रविवारी उपासना संपवून हे चर्चच्या पायरीवर बसले, आणि बसल्या जागी कलंडले. बुलढाण्याला नेलं, तिथून अकोल्याला. अर्धांगाचा झटका होता. देवाची दया, जीव वाचला. पाय परत आला, वाचा परत आली. उजवा हात आला नाही.

हलत नाही एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, होईल हळूहळू. पण हाताची जाणीवच गेली होती. डॉक्टर सुई टोचायचे आणि हे खिडकीबाहेर बघत असायचे. घरी आल्यावर एकदा यांच्या हातावर चहाचा कप कलंडला. उकळता चहा! हे वाचत होते, वाचतच राहिले. मी ओरडले तेव्हा म्हणाले, "का झालं?" हातावर फोड आला होता. मी आत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

लोक यायचे. हे हातावर शाल टाकून बसायचे आणि म्हणायचे, "आता दुसरीकडे जा." मी म्हटलं, "डाव्या हातानं करा ना, देवाला काय उजवं-डावं?" तर म्हणाले, "हातात काई उरलं नाई, एस्तेर. जे होतं ते देवानं काढून घेतलं." इतकी वर्षं दुसऱ्यांना धीर देणारा माणूस! त्यांनी वरिष्ठांना फोन करून सांगून टाकलं, नाताळापर्यंत थांबतो, नंतर दुसरा पाळक पाठवा. घरी आमची प्रार्थना व्हायची तेव्हा मी एकटीच बोलायचे. हे आमेनही म्हणेनासे झाले. हाताचं दुःख मी सोसलं असतं. आमेनचं मला सोसवेना.

*

गिरजामाय आली. टोपली दारात ठेवली, सरळ आत. यांच्यासमोर उभी राहिली आणि आपला मातीचा, मेथीच्या वासाचा हात यांच्या डोक्यावर ठेवला. तिला आमची प्रार्थना कुठली येते! ती नुसती उभी.

मग म्हणाली, "साहेब, गोळी घेतली?"

हे खाली बघत राहिले. गोळी घेतली नव्हती.

"मंग मी पन हात काढून घेते," म्हणाली आणि खरंच काढून घेतला!

यांनी गोळी मागितली. मी पाणी देताना बघितलं, यांचे डोळे भरले होते. पण हातावरची शाल काही निघाली नाही. गिरजामाय बाहेर येऊन मला म्हणाली, "पाळकबाई, मानूस आतून गेल्यावानी झालं वो." 

*

नाताळाच्या आदल्या आठवड्यात रेखा आली. रेखा शेजारच्या खेड्यातली सून. घरची शेती, कपाशी, सोयाबीन. ती आमच्यातली नव्हे, घरी गौरी-गणपती सगळं. आधी दोनदा तिचं मूल पोटातच गेलं होतं. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता, आणि तपासणी चुकवायची नाही म्हणून दमही भरला होता. नंतर ती बाळंतपणाला माहेरी गेली. यांच्या झटक्याचं तिला कुणी कळवलं नव्हतं.

आता ती माहेराहून सासरी चालली होती. मध्येच एसटीतून उतरून, पोरगी घेऊन थेट आमच्याकडे! पोरगी शालीत, स्वेटरात, टोपीत गुंडाळलेली, गाढ झोपलेली. थंडी बोचरी होती.

"साहेब, ही पाहा! हिच्या डोक्शावर हात ठेवल्याबिगर मी घरी जात नाई."

हे म्हणाले, "रेखा, माहा हात गेला. त्यात आता काई नाई."

तिनं शालीखाली झाकलेल्या हाताकडं बघितलं. चेहरा उतरला तिचा. मला वाटलं, जाईल आता. पण ती यांच्या पायाशी मांडी घालून बसली. "त्यात काय असते ते तुमचं तुमाले माहीत," ती म्हणाली. "मले हात पाह्यजे."

आणि तिनं शाल बाजूला केली, यांचा हात आपल्या दोन्ही हातांनी उचलला. मी पुढे होऊन टोपीचा गोंडा धरून टोपी ओढून काढली. तिनं तो हात पोरीच्या डोक्यावर टेकवला आणि निसटू नये म्हणून वरून धरून ठेवला.

 प्रार्थना सुरू होईना. मी मनात देवाला म्हटलं, बाबा रे, या पोरीसाठी नाही तर माझ्यासाठी तरी यांच्या तोंडून एक शब्द काढ. रस्त्यावरून कापसाची गाडी गेली, कुत्रं भुंकलं, तरी हे गप्पच.

मग यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. रागावलेच ते.

"रेखा, पोट्टी भाजून राह्यली वो! ताप हाय हिले. एवढं गुंडाळून ठेवलं काऊन?"

रेखानं घाबरून पोरीच्या गळ्याला हात लावला. "माय वो! हाव! मले वाटे, गाडीत झोप लागली हिले!"

"दवाखान्यात ने आधी! एस्तेर, ओला रुमाल आन, रिक्षा बोलाव!"

मी आत पळाले. नळाखाली रुमाल धरला, आणि तिथंच थिजले. पाणी बाहीतून कोपरापर्यंत यायला लागलं तरी मला नळ बंद करायचं सुचेना. तशीच ओली बाहेर आले. हे अजून तसेच बसले होते, हात पोरीच्या डोक्यावर. रेखा पोरीचं स्वेटर सोडवत होती. यांचा हात कुणीच धरलेला नव्हता.

"अहो," मी म्हटलं, "अहो, ताप आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

यांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मलाच वेड लागलंय.

"कसं म्हंजे? हात ठेवला नं!"