बिनपावतीचा कोयता

उदयसिंह साहेबांचं नाव निघालं की पनवेलच्या आमच्या जुन्या वनखात्यातली माणसं अजून हात जोडतात. मला मात्र आता त्या नावाची किळस येते, आणि ती एकट्या त्यांचीच येत नाही.

आपटा गावाच्या डोंगरात धड रस्ता नव्हता तेव्हा ते कोल्हापूरकडून रेंजर होऊन आले. मी वनरक्षक, त्यांच्यामागे पायपीट करणारा. लाच सोडाच, वाडीवरचा चहासुद्धा ते घेत नसत. चोरीच्या सागाचा ट्रक त्यांनी एकट्याने अडवला होता, मी झुडपात होतो. माणूस खराच स्वच्छ. तेवढं कबूल करून पुढचं सांगतो.

कातकरी बायका डोंगरउतारावर झुडपं तोडून नाचणी लावत. नियमाप्रमाणे गुन्हा नोंदवायचा, दंड करायचा, पावती फाडायची. साहेबांना दया यायची. या बायांना कोर्टाच्या पायऱ्या कशाला, म्हणायचे, आणि नुसता कोयता काढून घ्यायचे. म्हणजे हुकूम त्यांचा, हात माझा. ज्या कोयत्यावर घर चालतं तो नेल्यावर बाई आठवडाभर काय खात असेल, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. उलट तीर्थयात्रा केल्यासारखे आम्ही घरी परतायचो. शेजारच्या हद्दीतला रेंजर शिवराळ आणि पैसेखाऊ. तो मात्र दरवर्षी प्रत्येकीची पावती फाडायचा.

पुढे वनहक्काचा कायदा आला. जमीन पूर्वीपासून कसत होता याचा पुरावा आणा, सरकार म्हणालं. शेजारच्या वाडीने दंडाच्या जुन्या पावत्या पुढे ठेवल्या आणि जमिनी नावावर करून घेतल्या. त्या शिवराळ माणसाला तिथे अजून दुवा देतात. आमच्या बाजूच्या बायकांकडे दाखवायला काहीच नव्हतं.

गेल्या महिन्यात रंभा नावाची म्हातारी साहेबांच्या खांदा कॉलनीतल्या फ्लॅटवर आली. मलाही तिनेच बोलावून घेतलं होतं. तिचा दावा फेटाळलेला, अपिलाची सुनावणी सोमवारी, आणि तिच्या उतारावर कुणा फार्महाऊसवाल्याचे सिमेंटचे खांब आधीच रोवलेले. असे दावे लढवणाऱ्या एका संस्थेतल्या बाईंनी तिला एक कागद लिहून दिला होता. मजकूर दोन ओळींचा : अठ्ठ्याऐंशी साली रंभा या उतारावर नाचणी लावताना आढळली, तिचा कोयता जप्त केला. खाली सहीला जागा.

साहेबांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. मग विचारलं, नोंद न करता जप्ती केली असं मी माझ्या हाताने लिहून देऊ? चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एक मेमो नव्हता. बाबा, आता कोण तुमच्यावर चौकशी लावणार आहे, असं त्यांची सून अनुया हळूच म्हणाली. हात दाखवून अवलक्षण कशाला, म्हणत त्यांनी कागद टेबलावर सरकवला. ऐंशी वर्षांचं सोवळं ते, एका म्हातारीच्या कागदाने विटाळणार होतं. मला शिसारी आली.

रंभा रडली नाही, पाया पडली नाही. ती म्हणाली, "सायेब, कोयता नेलात त्याचा मना राग नाय. पण नेलात, एवढं तरी बोला."

साहेब उठले, आतल्या खोलीत गेले आणि दाराची कडी लावून घेतली.

मग रंभाने तोच कागद माझ्यापुढे धरला. तिच्या मुठीतून कोयता मी ओढून घेतला होता, हे तिला आठवत होतं आणि मलाही. "साहेबांनी सही केली की मी लगेच करतो," मी म्हणालो. आत गेलेला माणूस बाहेर येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.