गिरणीतला उजेड आणि आमची दोन आडनावं

आमच्या घराण्यात दोन आडनावं चालतात. आजोबांचं जुनं आडनाव काका लावतात, आणि बाबा नि मी दुसरं. दोन्ही इथे लिहीत नाही. लिहिली, तर वाचणारा आधी आडनावावरून आम्ही कुठले, कोण, याचा अंदाज बांधेल आणि मग पुढचं वाचेल. बाबांना तरुणपणी ज्याचा त्रास झाला, ते नेमकं हेच.

मी मुरबाडच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. राहते आसनगावला, आई-बाबांकडे. शहापूरहून किन्हवलीवरून जाणारी एसटी धरते आणि जाता-येता मुलांच्या वह्या तपासते. कॉलेजचा फिल्म क्लब माझ्याकडे आहे, तो मीच मागून घेतलेला. लघुपटांची आंतरकॉलेज स्पर्धा आमच्याकडे भरणार असं ठरलं, तेव्हा क्लबच्या मुलांनी जाहीर केलं, "मॅडम, आपण न्वार करायचा." न्वार म्हणजे जुने काळे-पांढरे अमेरिकन गुन्हेगारीपट, ते त्यांनी मोबाइलवर बघितले होते. तिरप्या टोप्या, भिंतीवर पडलेल्या खिडकीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या सावल्या, धूर. मी म्हटलं, करू, पण आधी त्या सावल्या आल्या कुठून ते समजून घेऊ.

त्या तासाची तयारी मी घरी जेवणाच्या टेबलावर करत होते. बाबा समोर बसून मिक्सरची वायर जोडत होते. ते वायरमन. कारखान्यात नोकरी करून निवृत्त झाले, तरी अख्ख्या आळीतले पंखे-मिक्सर आमच्याकडेच येतात. मला मोठ्यानं वाचायची सवय आहे, म्हणून तासाला जे बोलणार होते ते आधी बाबांनी ऐकलं.

मी वाचत होते, की युरोपातून छळाला आणि गरिबीला कंटाळून ज्यू कुटुंबं बोटीनं अमेरिकेला गेली. शिंपी, फेरीवाले, कामगार. त्यांची मुलं सिनेमात शिरली, तेव्हा पुष्कळांनी आडनावं बदलली. लांब, खडबडीत, ऐकताक्षणी 'कुठला तू?' असा प्रश्न उभा करणारी आडनावं गेली आणि छोटी, गुळगुळीत, पोस्टरवर मावणारी आली. पुढे जर्मनीत हिटलर आला, तेव्हा बर्लिन-व्हिएन्नाच्या स्टुडिओंमध्ये काम केलेले दिग्दर्शक, लेखक, कॅमेरामन जीव वाचवून पळाले. कुणी नाव ठेवलं, कुणी बदललं. हॉलिवूडनं त्यांतल्या बऱ्याच जणांना स्वस्तातले गुन्हेगारीपट दिले. सेट फाटका, दिवे कमी. त्यांनी फाटकं होतं ते अंधारात ढकललं आणि उरलेल्या उजेडात माणसाचा अर्धा चेहरा ठेवला. त्या सिनेमांत एक माणूस पुन्हा पुन्हा भेटतो. तो नवं नाव घेऊन कुठल्यातरी लहान गावात गुपचूप राहत असतो, आणि एक दिवस जुनी ओळख त्याच्या दारात येऊन उभी राहते. हे सिनेमे काही एकट्या ज्यूंनी केले नाहीत, पण ही भीती पडद्यावर इतकी खरी उतरली, कारण करणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी ती घरात पाहिली होती.

"आणि गंमत बघा बाबा," मी म्हटलं, "त्यांच्या घराघरांत एक गोष्ट सांगतात, की बंदरावरच्या कारकुनाला आडनाव लिहिता आलं नाही, म्हणून त्यानं भलतंच लिहिलं. पण अभ्यासक म्हणतात, तसं होत नव्हतं. लोकांनी स्वतः कोर्टात अर्ज करून नावं बदलली. कधीकधी अख्ख्या कुटुंबानं एकदम. मुलांना मात्र कारकुनाची गोष्ट सांगितली. आपल्यासारखंच झालं ना, फक्त आपल्याकडे खरंच गुरुजींनी लिहिलं."

आमच्या घरची गोष्ट अशी होती, की बाबांच्या शाळेच्या गुरुजींनी दाखल्यावर आडनावाच्या जागी गावाचं नाव लिहिलं, शेवटी 'कर' जोडला, आणि तेच पुढे राहिलं. मी लहानपणापासून हेच ऐकलं, हेच सांगितलं.

बाबांनी पक्कड खाली ठेवली. "गुरुजींनी नाय लिवलं गो," ते म्हणाले. "मीच बदललं."

आई भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणजे तिला माहीत होतं.

बाबांनी त्या दिवशी जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. आयटीआय पास होऊन, नवं लग्न झालेलं असताना, ते कल्याणकडच्या कारखान्यांत अर्ज टाकत होते. बरोबरच्या मुलांना बोलावणी आली, यांना नाही. एका ठिकाणी मुलाखतीला बोलावलं, तर टेबलामागच्या माणसानं अर्जावरचं आडनाव वाचलं आणि हसून म्हणाला, "तुम्ही डोंगराकडचे. भातलावणी आली की पळता. टिकत नाही तुमचं कुणी." पुढे त्यानं वायरिंगबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. बाबा गावी आले आणि पाचव्या दिवशी ठाण्याला जाऊन नाव बदलण्याचा फॉर्म भरला. गॅझेटमध्ये छापून आल्यावर नव्या नावानं अर्ज केला. तिसऱ्याच अर्जाला नोकरी लागली.

"मग लाज कसली? गुरुजींचं नाव कशाला पुढे केलंत?"

"तुझ्या काकासाठी," बाबा म्हणाले. "तो बोल्ला, बापाचं नाव टाकलंस. मी बोल्लो, मी नाय टाकलं. म्हून गुरुजी."

काकांनी ते मानलं नव्हतं. बाबांचे थोरले भाऊ ते, गावीच राहिले, किन्हवलीच्या भातगिरणीत मशीन चालवतात. आसनगावच्या घराची वास्तुशांत झाली, तेव्हा त्यांना पाठवलेली पत्रिका परत आली होती, बाबांच्या नव्या आडनावावर पेन्सिलीनं एक रेघ मारून. तेव्हापासून लग्नाकार्यात समोरासमोर आले, तर बघायचे दुसरीकडे.

आई आता बोलली. "माझं तर दोनदा बदललं. एकदा लग्नात, एकदा यांच्या फॉर्मात. माझ्याशी कोन रुसलं सांग बघू. मला तर कुनी इचारलं पन नाय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी बाबांकडे, आणि मग तिघंही हसलो.

मुलांनी लिहिलेल्या गोष्टीत एक माणूस खूप वर्षांनी नव्या नावानं गावच्या भातगिरणीत येतो, आणि गिरणीवाला म्हातारा त्याला ओळखतो. बस, एवढंच. मी त्यांना गोष्ट सुचवली नव्हती. नाव बदललेला माणूस त्यांनी तासातून घेतला आणि गिरणी रोजच्या रस्त्यावरची. पण जवळपास दिवसभर शूटिंग करू देईल अशी गिरणी एकच होती. किन्हवलीची. मालक म्हणाला, "सोमवारी बंद असते, घ्या. मशीनवाला मात्र हजर पाहिजे, त्याच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

मशीनवाला म्हणजे काका. मी क्लबच्या दोघातिघांना घेऊन त्यांना भेटायला गेले. त्यांनी सगळं ऐकलं, तुसाच्या ढिगावर फावडं टेकवलं आणि विचारलं, "म्हातारा कोन करतो?" मुलांचा एक म्हातारा ठरला होता, पण कॅमेरा सांभाळणारी विद्यार्थिनी काकांचा चेहरा बघतच राहिली होती. ती पटकन म्हणाली, "तुम्ही करता का, आजोबा?" काका नाही म्हणाले नाहीत. त्यांच्यापुरतं ते हो होतं.

उरला उजेड. आमच्याकडे भाड्याचे दोन दिवे आणि त्यांना पुरेल इतकीही वीज गिरणीत नाही. मी बाबांना म्हटलं, या. ते म्हणाले, "त्या गिरणीत मी नाय येनार."  दोन दिवसांनी त्यांनी आपणहून विचारलं, "तो सूर्य कुठल्या बाजूनं येतो तिथं?"

सोमवारी सकाळी बाबा जीपमधून उतरले तेव्हा त्यांच्याबरोबर जुन्या कपाटाचा आरसा होता आणि डोंगरातल्या कारवीच्या काड्यांची एक मोळी. काका दारात उभे होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. काका बाजूला झाले आणि बाबा आत गेले. एवढंच.

मी शहरातून पट्ट्यांचा पडदा मागवायला निघाले होते, त्या प्रसिद्ध सावल्यांसाठी. बाबा म्हणाले, "पैसे नको घालवू." त्यांनी कारवीच्या काड्या कुडाच्या भिंतीला बांधतात तशा बांधल्या, फक्त मध्ये बोटबोट फट ठेवून, आणि शेणमाती न लावता ती ताटी गिरणीच्या मधोमध उभी केली. मग छपरावर चढून एक पत्रा सरकवला, बाकीच्या फटी गोणपाटांनी बुजवल्या आणि खाली येऊन आरसा धरला. वरून येणारं ऊन आरशावर पडून वळलं, ताटीतून गेलं, आणि समोरच्या भिंतीवर काळ्या-पांढऱ्या रेघा उभ्या राहिल्या. हवेत कोंडा उडत होता, त्यामुळे उजेडाचा एकेक धागा वेगळा दिसत होता. कॅमेऱ्यावरची मुलगी ओरडलीच, "मॅडम, हे बघा!" मी बघत होते. परदेशी पडद्यावर पाहिलेली ती सावली आमच्या कारवीची निघाली होती, आणि ती बाबांनी पाडली होती.

काकांना एकच वाक्य होतं. "मी तुला वळखलं." तीनदा घेतलं, तीनदा ते पाठ म्हटल्यासारखं आलं. समोर उभा राहणारा मुलगा विशीतला, त्याला ओळखण्यासारखं काकांजवळ काही नव्हतंच. चौथ्या वेळी ऊन सरकलं, बाबांना आरसा घेऊन दोन पावलं पुढे यावं लागलं, आणि ते त्या मुलाच्या थेट मागे आले. काकांच्या तोंडावर उजेड पडला. त्यांचे डोळे मुलाच्या खांद्यावरून मागे गेले.

"मी तुला वळखलं," काका म्हणाले. मग थांबले, आणि लिहून न दिलेलं बोलले. "नाव काय बी लाव. चाल तीच हाय तुझी."

आरसा हलला. भिंतीवरच्या सगळ्या रेघा थरथरल्या आणि परत स्थिर झाल्या. कुणी 'कट' म्हणालं नाही. ते मला म्हणायचं होतं, आणि मी त्या रेघांकडेच बघत होते.

दुपारी आईनं बांधून दिलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी सगळ्यांनी गिरणीच्या ओट्यावर खाल्ली. काका बाबांना म्हणाले, "टेबलामागचा तो मानूस. मला तवाच का नाय सांगितलंस? मी आलो असतो ना त्याच्याकडं."

"म्हून तर नाय सांगितलं, दादा," बाबा म्हणाले.

मुलाखतीचं हे काकांना कुणी सांगितलं, असं मी घरी विचारलं. आई भांडी लावत होती. "मी फोन केला," ती म्हणाली. "दोघं बी म्हातारे झाले, आता किती वाट बघायची?"

स्पर्धेच्या दिवशी कॉलेजच्या हॉलच्या खिडक्यांना आम्ही काळी ताडपत्री ठोकली. बाहेर टळटळीत ऊन, आत काळोख. आमचा लघुपट सातवा होता. काका आणि बाबा शेजारी शेजारी मागे बसले होते, रेघा थरथरल्या तिथे दोघंही पुढे वाकले. शेवटी नावं आली. 'गिरणीवाला' यापुढे काकांचं नाव, जुन्या आडनावासकट. त्याच्या खाली 'प्रकाशयोजना', आणि बाबांचं नाव, नव्या आडनावासकट. मी बाबांना आधी विचारलं होतं, जुनं लावू का? ते म्हणाले होते, "जुनं मला मिळालं, हे मी मिळवलं. दोन्ही माझीच. पन काम केलं ते या नावानं."

परीक्षक मुंबईहून आले होते, सिनेमात कॅमेरा करणारे. निकाल सांगताना त्यांनी विचारलं, "हे लाइटिंग कुणी केलं? कुठलं युनिट आणलं होतं?" मुलांनी एकदम मागे बाबांकडे बोटं दाखवली. बाबा उठले नाहीत, त्यांना वाटलं दुसऱ्या कुणाला बोलावतायत. काकांनी त्यांना दंडाला धरून उभं केलं. उत्कृष्ट प्रकाशयोजनेचं बक्षीस आमचं होतं, आणि पहिलं बक्षीसही. अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता, मुलं बाकांवर चढली होती, आणि माझे बाबा मंचावर परीक्षकांना हातवारे करून समजावत होते, की कारवी ओली असली तर वाकते, वाळलेली घ्यायची.

प्रमाणपत्रं लिहिणाऱ्या आमच्या क्लार्कनं दोघांना शेजारी बघून विचारलं, "सख्खे भाऊ? मग आडनावं वेगळी कशी?"

मी पुढे झाले, पण काका माझ्याआधी बोलले. "दोन हायत आमच्यात. लिवा तुमी, मी सांगतो." आणि ज्या शब्दावर त्यांनी कधी पेन्सिलीनं रेघ मारली होती, तो त्यांनी क्लार्कला एकेक अक्षर सुटं करून, काना-मात्रेसकट सांगितला. शिवाय वाकून बघितलंही, नीट लिहिलंय ना.

पुढच्या सोमवारी बाबा पुन्हा किन्हवलीला गेले. गिरणीचं वायरिंग फार जुनं झालंय, बघून जा, असा काकांचा निरोप होता. संध्याकाळी परत आले ते हातभर तुसानं माखून. "वायरिंगला दोन दिवस लागतील," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी आईला पण घेऊन गेले.