बसून घ्यायची मापं

अक्कांनी तीस वर्षं नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळला. राजाचा अंगरखा उसवला, नायिकेचा झगा सैल झाला, खलनायकाचं पोट सुटलं, सगळ्यांवर इलाज अक्कांकडे. दोन प्रवेशांच्या मधल्या दीड मिनिटात, विंगेतल्या अंधारात, धट्ट्याकट्ट्या नटाला भिकाऱ्याचा सरदार करून रंगमंचावर ढकलण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यासाठी त्या सदऱ्याला पुढून नुसती शोभेची बटणं लावत आणि खाली वेल्क्रो. ओढलं की निघालं, दाबलं की बसलं. निवृत्त झाल्यावर शिलाई मशीन घरी आणून खिडकीपाशी ठेवलं, पण त्यावर उशांच्या अभ्र्यांपलीकडे काही शिवायचा योग येत नव्हता.

मग सुनेचा अपघात झाला. सून शाळेत गणित शिकवायची. स्कूटरवरून पडल्याचं निमित्त झालं आणि कमरेखालची जाणीवच गेली. वर्षभर दवाखाने, व्यायाम, रडणं, चिडणं सगळं झालं आणि ती व्हीलचेअरवर चांगली सरावली. घरभर अशी भिरभिरायची की अक्कांनाच पाय आवरून बसावं लागे. शाळेनेही परत या म्हणून निरोप धाडला.

सून मात्र टाळाटाळ करू लागली. अक्कांनी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "आई, जाऊ कशी? हा गाऊन घालून?"

कडक इस्त्रीची पँट आणि सदरा घालून वर्गात शिरणारी बाई होती ती. अक्का तिला घेऊन कपड्यांच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने सुनेच्या डोक्यावरून अक्कांना विचारलं, "यांच्यासाठी काहीतरी सैलसर दाखवू का?"

"मला ऐकू येतं हो," सून म्हणाली. "पाय बंद आहेत, कान चालू आहेत."

दुकानदार ओशाळला आणि एकीऐवजी चार पँटी काढून बसला. कपडे घालून बघायच्या खोलीच्या दारातून खुर्ची जाईना, म्हणून त्यातली एक पँट घरी आणली. पलंगावर आडवं होऊन, इकडून तिकडून कुशी बदलत ती चढवायला सुनेला अकरा मिनिटं लागली. खुर्चीत बसल्यावर पँट मागून खाली घसरली, पुढे पोटावर तिचा बोळा झाला आणि पायांकडे घोटे सोडून वर पळाली.

अक्का चष्मा सावरून बघत राहिल्या. "ही उभ्या माणसाची पँट आहे," त्या म्हणाल्या. "काढ. मी शिवते."

चार दिवस मशीन खडखडत होतं. विंगेतली सगळी विद्या त्यांनी त्या पँटीत ओतली. दोन्ही बाजू कमरेपासून गुडघ्यापर्यंत उघडणाऱ्या, वर बटणांची देखणी रांग, आत वेल्क्रो. सुनेने ती तीन मिनिटांत चढवली आणि आरशासमोर खुर्ची नेऊन दोनदा गिरकी घेतली. मुलगा कामावरून आला तो दारातच थबकला. "अरे वा, बाई आल्या की," एवढंच म्हणाला आणि उगाचच पाणी प्यायला आत गेला.

आनंद रात्रीपर्यंतच टिकला. कपडे बदलताना सुनेच्या मागच्या बाजूला नाण्याएवढा लालभडक डाग दिसला. अक्कांनी मागे दोन खिसे लावले होते आणि त्यांना दोन बटणं. दिवसभर सून त्यातल्या एका बटणावर बसून होती आणि तिला ते कळायला मार्गच नव्हता. अशाच डागाची जखम होते आणि माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळतो, हे दवाखान्यात अक्कांना दहादा बजावलं होतं.

डाग जाईपर्यंत सून दोन दिवस कुशीवर पडून राहिली. अक्का मशीनकडे फिरकल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी सुनेनेच त्यांना जवळ बोलावलं.

"मागे खिसे कशाला लावलेत?"

"पँटला मागे खिसे असतात म्हणून," अक्का पुटपुटल्या.

"तुमचं चुकलं. आता नीट करा. तुम्ही अशा तोंड पाडून बसलात तर मी जन्मभर गाऊनमध्येच राहीन."

अक्कांनी डोळे पुसले. नाटकातले कपडे लांबून बघायला असतात, हे त्यांना आता उमगलं होतं. दोन तास मिरवायचे आणि खुंटीला टांगायचे. इथे तर दहा तास एका जागी बसायचं होतं. सुनेचा जुना सदरा आणि कोट चढवून त्या स्वतःच व्हीलचेअरमध्ये जाऊन बसल्या. सून पलंगावरून हुकूम सोडू लागली, "आता चाक फिरवा. आता वाका. आता खाली पडलेला खडू उचला." तासाभरात अक्कांच्या बाह्या चाकाला घासून काळ्या झाल्या, पाठीला सदऱ्याची घडी रुतली आणि कोटाच्या मागच्या भागावर आपणच बसलो आहोत हे कळलं.

मग त्यांनी नव्याने मापं घेतली, सुनेला बसवून. मागची उंची चार बोटं वाढवली, पुढची तेवढीच उतरवली. बुडाखाली एकही शिवण येऊ न देता अखंड कापड घेतलं. पाय लांब केले, गुडघ्याला बाक दिला. मागच्या खिशांची हकालपट्टी झाली आणि मांडीवर एक तिरका खिसा आला, ज्यातून खडू, मोबाइल काही घरंगळणार नाही. सदऱ्याच्या बाह्या कोपराच्या जरा खालीच थांबवल्या आणि खांद्यामागे चुण्या घातल्या, म्हणजे चाक फिरवताना कापड तटतटायला नको. कोट कमरेपाशीच आखूड केला. त्यानंतर आठवडाभर रोज संध्याकाळी सासू-सून दार लावून तपासणी करत. एकही डाग उठला नाही.

शाळेचा पहिला दिवस संपवून सून हसतच घरी आली. अक्का दारातच उभ्या होत्या.

"कोणी काही म्हणालं?"

"पँटीकडे कोणाचं लक्षच नव्हतं. फक्त एका मुलीने विचारलं, बाई, असा मांडीवरचा खिसा कुठे मिळतो?"

कोणाचं लक्ष गेलं नाही, हे ऐकून अक्कांना जो आनंद झाला तो टाळ्यांच्या कडकडाटातही कधी झाला नव्हता.

सुनेला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी ती पँट पाहिली आणि त्यांच्या सांगण्यावरून पुढच्याच आठवड्यात एक निवृत्त बसड्रायव्हर बायकोला घेऊन हजर झाले. व्हीलचेअरवर, मिशा पिळदार, आवाज स्टँडभर ऐकू जाईल असा.

"मला पट्टा लागतो," त्यांनी बसल्या बसल्या जाहीर केलं.

"कशाला? माझी पँट घसरत नाही," अक्का म्हणाल्या.

"चाळीस वर्षं पट्टा लावलाय. पट्ट्याशिवाय उघडं वाटतं."

"त्यांना झोपतानाही लागतो," बायको म्हणाली.

अक्कांनी थोडा विचार केला आणि पुढच्या बाजूपुरताच पट्टा लावायचं ठरवलं. दोन्ही टोकं कमरेला शिवलेली, मधे झगझगीत बक्कल, पाठीकडे काहीच नाही. पँट घालून ड्रायव्हरकाका खुर्चीतच ताठ झाले, बक्कलवर थाप मारली आणि म्हणाले, "आता गाडी सोडायला हरकत नाही."

आज अक्कांच्या खोलीत आठवड्याला चार-पाच जण येतात. वाकून मापं घेताना कंबर धरते म्हणून त्यांनी बुटकं स्टूल केलंय, त्यावर बसून त्या गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलतात. वेळ देताना प्रत्येकाला एकच ताकीद असते, "जेवून या. बसलेल्या माणसाचं पोट जेवल्यावर दोन बोटं वाढतं आणि मला तेच माप हवंय." ड्रायव्हरकाका दुसऱ्या पँटीच्या मापाला आले ते इतकं जेवून आले होते की अक्कांनी टेप गुंडाळून ठेवली आणि त्यांना उद्या बोलावलं.