काचेला बोट लावू नका

तीन म्हातारे रोज संध्याकाळी एकाच कट्ट्यावर बसायला लागले की किस्से शोधावे लागत नाहीत, आपोआप साचतात. आमच्या कट्ट्यावर सध्या सगळ्यात मोठा साठा माझ्या गाडीच्या हेडलाइटच्या बल्बच्या किस्स्यांचा आहे. आमच्यातले निवृत्तीअण्णा ते सांगतात तेव्हा मीठमसाला जरा जास्त पडतो, म्हणून म्हटलं आपणच एकदा सरळ सांगून टाकावेत. अर्थात मला तरी सगळं नीट आठवतंय की नाही, याची खात्री नाही!

मी केजच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालो. पीएच.डी. केली ती प्रकाशशास्त्रात. हे शेवटचं वाक्य मी हल्ली कट्ट्यावर उच्चारत नाही.

*

आमच्यातले कादरभाई म्हणजे एसटीचे निवृत्त कंडक्टर. एसटीत एक घंटा म्हणजे थांबा आणि दोन घंटा म्हणजे चला, हे सगळ्यांना माहीत आहे. मी गाडी काढायला लागलो की कादरभाई कट्ट्यावरून उठून येतात आणि टपावर बोटानं एकदाच वाजवतात. टण!

मग खिडकीशी वाकून विचारतात, "सर, आरसा बघितला का? हँडब्रेक सोडला का?"

सोडलेला नसतोच.

एकदा मी म्हटलं, "कादरभाई, कधीतरी डबल द्या की!"

ते म्हणाले, "सर, पाशिंजरची जबाबदारी असती. वाटलं की देतो."

पॅसेंजर म्हणजे माझी बायको मंदा. तिची धाकटी बहीण कुसुम मांजरसुंब्याला असते. मागच्या वर्षी पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून अंथरुणावरच आहे. दर शनिवारी मी मंदाला तिच्याकडे घेऊन जातो. मंदाच्या गुडघ्यांना काळीपिवळी जीप चढवत नाही आणि एसटीची पायरी तर त्याहून उंच. त्यामुळे आमची जुनी गाडी आहे म्हणून दोघी बहिणींची भेट आहे.

*

असंच एका शनिवारी परत येत होतो. दिवस मावळला होता. समोरून एक मोटारसायकलवाला ट्रॅक्टरला मागे टाकत थेट माझ्या अंगावर आला. मी गाडी रस्त्याखाली घातली. तोही कसाबसा थांबला. माझी चूक कुठे झाली, हे मी मनातल्या मनात शोधायला लागलो होतो, तेवढ्यात तो ओरडला,

"म्हाताऱ्या, अर्धी गाडी घरी ठिवून आलास काय बे!"

उतरून बघितलं. उजवा दिवा बंद. एकच दिवा दिसल्यामुळे त्याला आमची गाडी कडेनं येणारी मोटारसायकल वाटली होती.

 घरी पोचेपर्यंत मी बैलगाडीच्या वेगानं गाडी चालवत होतो.

*

ही गोष्ट मी मुलाला, समीरला, फोनवर सांगायला नको होती. तो पुण्याला असतो. त्याच्या मनात आमची गाडी विकायचं बऱ्याच दिवसांपासून होतं, त्याला आता कारण मिळालं.

"बाबा, मी शनिवारी येतो. केजमध्येच एक गिऱ्हाईक आहे माझ्या ओळखीचं. गाडी देऊन टाकू."

मंदानं फोन माझ्या हातातून घेतला. "आणि मी कुसुमकडे कशी जायची रे?"

"आई, बाबांना आता जमत नाही. घरच्या घरी बल्ब बदलणं ही साधी गोष्ट आहे, पण तेवढंसुद्धा त्यांच्याच्यानं होणार नाही!"

मंदानं माझ्याकडे बघितलं. मी फोन परत घेतला आणि म्हणालो, "शनिवारच्या आत मी स्वतः बदलून दाखवतो. मग गाडी राहणार!"

"चालेल," समीर म्हणाला.

फोन ठेवला आणि बॉनेट कुठून उघडतं, ते गाडीच्या पुस्तकात शोधायला बसलो.

*

बल्ब आणायला गेलो. दुकानदार चांगला माणूस. गाडी कोणती ते विचारून बल्ब काढून दिला आणि म्हणाला, "काका, काचेला बोट लावू नका."

मला बरं वाटलं. मी त्याला सांगितलं की बोटाचं तेल काचेला लागलं की पेटल्यावर तेवढीच जागा जास्त तापते. मग काचेवर ताण कसा येतो ते सांगितलं. मग हॅलोजन बल्बच्या आतली तार लवकर का झिजत नाही, त्याकडे वळलो.

तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "काका, मागं लोक खोळंबलेत. एक देऊ का दोन?"

मी दोन घेतले. माझ्यासारख्यानं कुठलीही गोष्ट एक आणू नये.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटसमोर बॉनेट उघडलं. कादरभाई होते. निवृत्तीअण्णाही होते. अण्णा म्हणजे आमच्या गल्लीत राहायला आलेले एका गावचे माजी सरपंच. शेतात ऊस, दारात ट्रॅक्टर आणि प्रत्येक गोष्टीत मत.

मी गाडीसमोर उभा राहिलो. दिवा उजवा बंद होता. पण उजवा म्हणजे कोणाचा? सीटवर बसल्यावर जो उजवा, तो समोर उभं राहिल्यावर डावा. आरशात मात्र उजव्याचं डावं वेगळ्या तऱ्हेनं होतं. हे सगळं मी मुलांना तीस वर्षं शिकवलं. मी नीट विचार केला, पुन्हा उलटा विचार केला, हातमोजे चढवले आणि बल्ब काढला.

अण्णांनी आत बसून दिवे लावले. दोन्ही दिव्यांत मिट्ट काळोख!

मी चांगला बल्ब काढला होता.

अण्णा खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाले, "सर, आधी बिचारीला एक डोळा तरी व्हता!"

*

चांगला बल्ब जागच्या जागी बसवला आणि खराब बल्ब काढला. आता नवा लावायचा. स्टुलावर धुतलेलं पांढरं फडकं अंथरलं. नवा बल्ब खोक्यातून काढून, काचेला स्पर्श न होऊ देता, त्यावर ठेवला. सगळ्यांना बजावलं, "काचेला बोट लावायचं नाही. कोणीही नाही. कसंही नाही." मग हातमोजे बदलायला घरात गेलो.

परत आलो तर स्टुलावर बल्ब होता. बल्बच्या काचेवर हळद होती, कुंकू होतं. बाजूला झेंडूचं फूल आणि चार अक्षता!

अण्णा हात जोडून उभे होते. त्यांच्या ट्रॅक्टरचं नवं टायर असो नाहीतर साधा पंखा असो, हळदीकुंकवाशिवाय कुठली वस्तू सुरू होत नाही.

मी ओरडलोच. "अण्णा! काचेला बोट लावू नका म्हटलं होतं ना?"

"मग? लावलंच न्हाई सर," अण्णा शांतपणे म्हणाले. "तुमी सांगितल्यालं ध्यानात व्हतं. कुंकू फुलानं लावलं."

*

तो बल्ब स्पिरिटनं पुसता आला असता. पण आपण पुसलेलं स्वच्छ झालंय, यावर माझा विश्वास बसला नसता. दुसरा बल्ब काढला. अण्णांचं मन मोडू नये म्हणून त्याच्या रिकाम्या खोक्याला हळदकुंकू लावू दिलं.

बल्ब आत गेला. मागून तो दाबून धरणारी एक तारेची क्लिप असते, ती अडकेना. हात आत जायचा, पण हातामुळेच काही दिसायचं नाही. वाकून बघितलं तर चष्मा घसरला. चष्मा सावरला तर क्लिप सुटली. समीर म्हणाला ते खरंच असावं, असं वाटायला लागलं. बॉनेट बंद करून आत जाऊन पडावं, असंही वाटलं.

मग लक्षात आलं, बघून उपयोग नाही तर बघायचं कशाला? मी डोळे मिटले आणि बोटांनी चाचपत राहिलो.

मंदा चहा घेऊन बाहेर आली. "अहो, हे काय? देवाला बोलावताय का?"

तेवढ्यात आत 'टक्' झालं.

अण्णांनी दिवे लावले. भिंतीवर दोन्ही उजेड पडले, तेही एका उंचीवर. मी आत बसून दिवे लावले, बंद केले, लावले, उतरून बघितलं, पुन्हा लावले. असं बराच वेळ चाललं.

अण्णा म्हणाले, "सर, कावून जाळताय? समीर यायच्या आत बल्ब संपवता काय?"

*

शनिवारी समीर दुपारी येणार होता. त्यानं आम्हाला त्याच्या नव्या गाडीतून कुसुमकडे न्यायचं, रात्री मुक्काम करायचा आणि रविवारी बल्ब बघून आमच्या गाडीचा निकाल लावायचा, असं ठरलं होतं. त्याला उशीर झाला. दिवस बुडाला. मंदा कुसुमसाठी केलेल्या धपाट्यांचा डबा घेऊन गेटाशी उभी होती.

गल्लीच्या तोंडाशी एक दिवा दिसला.

"अहो, कोणीतरी मोटारसायकलवर येतंय," मंदा म्हणाली.

दिवा गेटाशी येऊन थांबला. मोठी, चकचकीत गाडी होती. समीर उतरला. पुढे जाऊन त्यानं आपल्या गाडीच्या बंद दिव्याकडे बघितलं.

"पाटोद्याच्या पुढं कुठंतरी गेला," तो म्हणाला.

"बल्ब आणू का?" मी विचारलं. खरंच काळजीनं विचारलं.

"याचा बल्ब निघत नाही, बाबा. अख्खी लाइट बदलावी लागते. पुण्यालाच."

कट्ट्यावरून अण्णांचा आवाज आला, "समीरभाऊ, अर्धी गाडी पुण्यात ठिवून आलात व्हय?"

समीर हसला नाही. त्यानं माझ्यापुढे हात केला. "किल्ली द्या. तुमच्या गाडीनं जाऊ. मी चालवतो."

मी खिशात हात घातला. किल्ली काढावी की न काढावी, हे मला ठरवता येईना.

मंदा आमच्या जुन्या गाडीकडे गेली. पुढचं दार उघडून, डबा मांडीवर घेऊन बसली. पदर सावरला आणि काच खाली करून म्हणाली, "समीर, तू मागं बस. दमला असशील. आणि तुम्ही चला हो, कुसुम वाट बघत असेल."

समीर माझ्याकडे बघत राहिला. मग मागचं दार उघडून बसला.

मी गाडी सुरू केली. दिवे लावले. आरसा बघितला, हँडब्रेक सोडला, पुन्हा आरसा बघितला. आणि सवयीनं थांबलो.

कादरभाई उठून आले. गाडीच्या पुढे जाऊन त्यांनी दोन्ही दिव्यांकडे नीट बघितलं. मग माझ्या खिडकीपाशी आले. वाकले नाहीत, काही विचारलं नाही.

टपावर वाजलं. टण.

आणि मग आणखी एकदा. टण!