अक्काचं पॅकेज

अक्का गेल्यावरही दोन वर्षं आमच्या घरात बोलत होती.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. कंटेनर इमेज, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान यांचं एक गाठोडं, बांधायचं काम मला तिनंच शिकवलं. प्रोग्रामला लागणारी पॅकेजं ओळीनं लिहायची, प्रत्येकापुढं व्हर्जनचा आकडा पक्का करायचा, मग आज बांधा नाहीतर वर्षानं, आत सामान तेच येतं. त्यातलं एक छोटं पॅकेज तिनं स्वतः लिहिलेलं. ते बसलं की पडद्यावर ओळ उमटायची, ‘झालं. ऊठ आता, जेवून घे.’ कामात जेवण विसरायची माझी खोड तिला ठाऊक होती.

खरं तर यादीत पॅकेजं वर आणि रोज बदलणारा कोड खाली, अशी रीत असते; एक ओळ बदलली की तिच्या खालचं सगळं पुन्हा बसतं. वरचं बदललं नाही तर ते पुन्हा बसवावं लागत नाही. पण मग ओळही उमटत नाही. म्हणून अक्काचं पॅकेज मी मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवलं. कोडमधलं एक अक्षर हललं तरी ते आपल्या लवाजम्यासकट पुन्हा उतरायचं. आमच्या गावच्या, नंदिगड्ड्याच्या, संथ नेटवर त्याला अर्धा तास लागे. ‘वाघ बसलाय काय तुमच्या केबलवर?’ ऑफिसातले विचारायचे. मी हसायचो, खोटं बोलायचो. दुपारी ओळ उमटली की मोठ्यानं ‘आलो गे अक्का’ म्हणायचो आणि ताटावर जायचो. आपल्याला वेड लागतंय, याची भीती वाटायची. ओळ थांबेल याची त्याहून जास्त.

गेल्या आठवड्यात कळलं, अक्काच्या पॅकेजच्या त्या जुन्या व्हर्जनमध्ये मोठी चूक आहे. आमच्या प्रोग्राममध्ये दवाखान्यांतल्या पेशंटांची माहिती असते, त्या चुकीतून ती बाहेर जाऊ शकत होती. नवं व्हर्जन दुसऱ्याच कुणीतरी काढलेलं. मी ते उघडून पाहिलं. ओळ काढून टाकली होती.

दोन दिवस मी चालढकल केली. अक्कानं माझा कानच पिळला असता. तिसऱ्या दिवशी आकडा बदलला, पॅकेज वर नेलं. रडू आलं, आवरलं नाही.

नवं पॅकेज एकदा उतरायला अर्धा तास गेला; दुपारी कोड बदलून पुन्हा बांधली तेव्हा इमेज पाच मिनिटांत झाली. पडद्यावर काही उमटलं नाही. मी तसाच बसून राहिलो. ताट निवत गेलं.

आई दारात येऊन उभी राहिली. माझ्या कामातलं तिला मी कधी काही सांगितलेलं नव्हतं.

“का रे,” ती म्हणाली, “आज अक्कानं जेवायला बोलवलं न्हाई?”