कुकरला उत्तर देणारी वहिनी

"सुमे, रैनी गेली वं..." दिनूदादाचा फोन आला तेव्हा मी शाळेत शिकवून शेगावच्या घरी नुकतीच पोचले होते. काविळीचं निमित्त झालं. आता महिना होत आला, तरी वहिनी म्हटलं की आधी तिचा आवाजच कानात येतो.

रैनीवहिनी गडचिरोलीच्या जंगलातली. दादा तिकडे रस्त्याच्या कामावर ट्रॅक्टर चालवायचा, तिथे ओळख झाली आणि लग्न करून तिला अमडापूरला घेऊन आला. लहान असताना नक्षल्यांनी तिला गावातून नेलं होतं. खेळायच्या वयात बंदूक घेऊन दलमबरोबर, म्हणजे त्यांच्या टोळीबरोबर फिरली, मग शरण आली. हे तिनं लग्नाआधीच सांगितलं होतं. आम्हाला वाटलं, झालं गेलं संपलं. मी हौसेनं आहेरात कुकर दिला.

आईनं त्यात वरण लावलं. शिट्टी झाली आणि वहिनी मागच्या दारानं जी पळाली, ती संध्याकाळी तुरीच्या शेतात सापडली, पालथी पडलेली. आई तिच्याजवळ बसून राहिली. "काऊन पळाली माय?" तेव्हा कळलं. दलममध्ये कुकरात भात नसे, सुरुंगाची दारू असे आणि ते पोरींनी डोक्यावर वाहायचे. शिट्टी म्हणजे पोलीस आले, पळा. कुकर माळ्यावर गेला. आई चुलीवर वरण शिजवू लागली, तेही कुरकुर न करता. माझी आई आणि कुरकुर नाही... गावाला खरं वाटलं नसतं!

त्यांची लेक गौरी शाळेत जाऊ लागली तेव्हा वहिनीच दादाला म्हणाली, "पोरगी मले पाहून भ्यायले शिकून राह्यली. मले दवाखान्यात न्या." बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, कितीतरी महिने ऐकून घेतलं. एकदा विचारलं, "शिट्टी झाली की काय करता?"

"पळतो."

"एकदा तिला उत्तर देऊन पाहा."

त्या दिवाळीत माझ्यासमोरच कुकर खाली उतरला. वहिनी दाराची चौकट धरून उभी, घामानं भिजलेली. शिट्टी झाली. ती जागची हलली नाही आणि एकदम ओरडली, "हाव वं, ऐकलं! बहिरी नाई मी!" आम्ही हसलो, तीही हसली, मग रडली. झोपेत दचकणं शेवटपर्यंत होतं, पण पळणं थांबलं. शेजारणी म्हणायच्या, रैनीच्या घरी कुकरशी भांडण चालतं. मला तिचा फार अभिमान वाटायचा.

परवा अमडापूरला गेले होते. दादा ओसरीत बसून, जेवणावरची वासनाच उडालेली. आत कॉलेजातून आलेल्या गौरीनं वरण लावलं. पहिली शिट्टी झाली... दुसरी झाली.

"हाव वं, ऐकलं! बहिरी नाई मी!"

आतून गौरी ओरडली. वहिनीचाच आवाज, तोच वैताग. दादानं मान वर केली. मग उठला, हात धुतले आणि ताटावर येऊन बसला.